स्वस्तातलं छोटं पिस्तूल घेताना: गोव्यातल्या नवख्यांसाठी

‘लहानसं, खिशात मावेल असं, आणि फार महाग नको.’ पिस्तुलाची चौकशी करायला येणारा माणूस बहुतेक या तीनच गोष्टी सांगतो, आणि याच क्रमाने. मी बंदुकांचा व्यापारी नाही. फोंडा तालुक्यात कुळागर आहे, सुपारी-नारळाची देवघेव आहे, आणि बऱ्याच वर्षांपासून परवान्याचं एक हत्यार घरात आहे, म्हणून लोक विचारतात. कुणी सोनार असतो, कुणी पेट्रोल पंप चालवणारा, कुणी जहाजावरची नोकरी संपवून सत्तरी तालुक्यात आडबाजूला घर बांधलेला. ‘भाऊ, कुठलं घेऊ?’ हा सगळ्यांचा पहिला प्रश्न. माझ्याकडे त्याचं उत्तर शेवटी येतं, तोवर निम्मे जण विचार बदलून घरी गेलेले असतात. उरलेल्या निम्म्यांसाठी हे लिहितो आहे.

आधी कारण

रानडुक्कर, माकडं यांच्यासाठी पिस्तूल हवं असं म्हणणारे खरंच भेटतात. तीन इंची नळीच्या हत्याराने अंधारात डुकरावर नेम धरणं म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा. पिकाच्या रक्षणासाठी कायद्यात वेगळीच सोय आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याचं कलम १३ वाचा. पीकरक्षणासाठी ठासणीची बंदूक, किंवा संरक्षण अथवा खेळासाठी किमान २० इंच नळीची गुळगुळीत नळीची बंदूक मागितली, तर परवाना देण्याकडे कायद्याचा कल आहे. पिस्तूल-रिव्हॉल्व्हरसाठी मात्र अर्जदाराकडे ‘सबळ कारण’ आहे अशी अधिकाऱ्याची खात्री पटावी लागते. म्हणजे लहान हत्याराचा परवाना मोठ्या हत्यारापेक्षा कठीण. पुष्कळांना हे उलटं वाटतं.

घरच्या रक्षणासाठी हवं असेल तर आवारात दिवे, दाराला धड कडी आणि एक जागं कुत्रं यांच्यावर आधी खर्च करा. गंमत म्हणून, नेमबाजी शिकायला हवं असेल तर .१७७ चं एअर पिस्तूल घ्या. २० ज्यूलपर्यंतच्या शक्तीच्या अशा हवेच्या हत्याराला परवाना लागत नाही, छऱ्यांचा डबा स्वस्त असतो आणि १० मीटरवर कागदाला भोकं पाडताना हात जेवढा स्थिर होतो तेवढा दुसऱ्या कशाने होत नाही. ऑलिंपिकमधली १० मीटरची स्पर्धा याच प्रकारच्या पिस्तुलाने होते. ज्यांना पुढे खरं पिस्तूल घ्यायचंच आहे त्यांनीही सहा महिने हेच करावं, असं माझं ठाम मत आहे.

राहता राहिले ते ज्यांना धंद्यामुळे रोकड किंवा सोनं घेऊन एकट्याने फिरावं लागतं, किंवा ज्यांना खरोखर धमकी आलेली आहे. छोट्या पिस्तुलाचा विचार त्यांनी करावा.

घरात आजोबांच्या काळच्या दोन बंदुका असतील तर इथेच थांबा आणि मोजा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाच्या नावावर दोनच हत्यारं राहू शकतात, पूर्वी तीन चालत. वारशाने आलेलीही त्यात धरली जातात. आमच्याकडे डोंगराकाठच्या वाड्यांवर अशी घरं कमी नाहीत. दोन्ही जुन्या बंदुका तुमच्याच परवान्यावर असतील तर तिसरं काही मिळणार नाही, आधी एक कमी करावी लागेल.

परवाना आधी, दुकान नंतर

उत्तर गोव्याचं जिल्हाधिकारी कार्यालय पणजीत, दक्षिणेचं मडगावात. परवाना देणारा अधिकारी जिल्हा दंडाधिकारी. वय २१ पूर्ण हवं. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार अर्ज फॉर्म ए-१ मध्ये, हल्ली ऑनलाइन भरायचा, आणि मंजूर झाला की तुमच्या नावाला एक युनिक ओळख क्रमांक मिळतो. तो क्रमांक नसलेलं जुनं पुस्तक कुणी दाखवलं तर ते आज चालत नाही.

कागद कुठले? ओळखीचा, पत्त्याचा, जन्मतारखेचा पुरावा, फोटो, शारीरिक आणि मानसिक तंदुरुस्तीचं डॉक्टरी प्रमाणपत्र, हत्यार सुरक्षित ठेवण्याची हमी, आणि हत्यार हाताळण्याचं प्रशिक्षण घेतल्याचं प्रमाणपत्र. शेवटच्या कागदाला लोक कंटाळतात. तो कंटाळा करू नका. त्या प्रशिक्षणात पहिल्यांदा तुमच्या हातात हत्यार येतं, आणि आपला हात थरथरतो की नाही हे दुकानात पैसे मोजण्याआधी कळतं.

अर्जात कारण लिहिताना ‘स्वसंरक्षणार्थ’ एवढा एक शब्द टाकून मोकळे होऊ नका. तुम्ही काय करता, कुठून कुठे काय नेता, आठवड्यातून किती वेळा, किती वाजता, पूर्वी काही प्रकार घडला असेल तर त्याची पोलिसांतली तक्रार, हे सगळं साध्या शब्दांत लिहा आणि कागद जोडा. नंतर तुमच्या भागातल्या पोलीस ठाण्याकडून चौकशी होते. शेजाऱ्यांना विचारतात. बांधावरून भांडण चालू असेल, कोर्टात फौजदारी असेल, दारू पिऊन धिंगाणा घातल्याची ख्याती असेल, तर ती तिथे निघते. निघायलाच हवी.

अर्ज नाकारला तर कारण लेखी मागता येतं आणि वर अपील करता येतं. ‘ओळख आहे, करून देतो’ म्हणणाऱ्या मध्यस्थाला पैसे देऊ नका. परवान्याआधी कुठल्याही विक्रेत्याला आगाऊ रक्कमही देऊ नका. माझ्या ओळखीच्या एकाने परवाना ‘येणारच आहे’ या भरवशावर पैसे भरले, परवाना आला नाही, आणि ते पैसे सोडवताना त्याच्या चपला झिजल्या.

स्वस्ताईच्या नादात आणखी एक वाट दिसते, तिच्याकडे बघूही नका. गावठी कट्टा काही हजारांत मिळतो म्हणतात. विनापरवाना हत्यार बाळगलं तर किमान दोन वर्षांची कैद आहे, आणि त्या कट्ट्याची नळी पाण्याच्या पाइपची असते. पुढच्यापेक्षा धरणाऱ्यालाच धोका जास्त.

बोअर: .३२ म्हणजे एक वस्तू नव्हे

सिनेमात दिसतं ते ९ मिलिमीटरचं पिस्तूल सामान्य नागरिकाला मिळत नाही. ते प्रतिबंधित बोअर, म्हणजे नळीच्या भोकाचं बंदी असलेलं माप. आपल्या वाट्याला येतात ते मुख्यत्वे .३२, .२२ आणि जुन्या हत्यारांत .२५.

नवखा जिथे हमखास घसरतो ती जागा ही. परवान्यावर ‘.३२’ लिहिलेलं असतं, पण .३२ ची दोन वेगळी काडतुसं बाजारात आहेत. पिस्तुलाचं .३२ एसीपी, ज्याला ७.६५ मिलिमीटर असंही म्हणतात, ते आखूड असतं. ते जॉन ब्राउनिंगने १८९९ च्या सुमारास काढलं. रिव्हॉल्व्हरचं .३२ एस अँड डब्ल्यू लाँग हे लांब, बुडाला ठळक कड असलेलं, शिशाच्या जड गोळीचं. एक दुसऱ्याच्या जागी वापरायचं नाही. पिस्तुलाचं आखूड काडतूस काही रिव्हॉल्व्हरमध्ये आत सरकतं म्हणून लोक ‘चालतं की’ म्हणतात. सरकणं आणि चालणं यांत फरक आहे. हत्यारावर ७.६५ कोरलेलं आणि परवान्यावर .३२ लिहिलेलं असेल तर घाबरू नका, ते एकच आहे. पण खरेदीच्या बिलावर काडतुसाचं पूर्ण नाव लिहून घ्या.

दोन्ही प्रकारची काडतुसं आपल्याकडे बनतात, आणि बुडावर ‘केएफ’ अशी अक्षरं दिसली तर ती पुण्याजवळच्या खडकीच्या कारखान्याची. एका वेळी किती काडतुसं जवळ ठेवायची आणि वर्षात किती घ्यायची हा आकडा परवान्यावर असतो. रिकाम्या पुंगळ्या फेकू नका, हिशोब विचारतात.

.२२ चं काडतूस स्वस्त, धक्का नावापुरता, आणि सरावाला उत्तम. मात्र त्यात ठिणगीचं मिश्रण बुडाच्या कडेत भरलेलं असतं, मधोमध वेगळी टोपी नसते. त्यामुळे चाप ओढला आणि काडतूस पेटलंच नाही असा प्रकार .३२ पेक्षा यात जास्त होतो. खिशातल्या हत्याराचा भरवसा एका चापावर असतो, म्हणून हा दोष मोठा.

.२५ बद्दल मी कडू बोलतो, कारण पैसे मी स्वतः घालवलेत. पहिलं हत्यार मी तेच घेतलं होतं. जुनं, विलायती, तळहातावर मावेल एवढं, मूठ हस्तिदंती रंगाची. दुकानदाराने ते मखमलीवर ठेवून दाखवलं आणि मी नवऱ्या मुलासारखा भुललो. काडतुसं ‘मिळतील हो’ म्हणाला. पहिली पंचवीस मिळाली, त्यानंतर जिथे विचारावं तिथे मान हलायची. चार वर्षं ते पिस्तूल कपाटात होतं, आणि काडतुसं संपू नयेत म्हणून मी एकदाही सराव केला नाही. सराव नाही तर हत्यार कसलं? शेवटी तोट्यात विकलं. तेव्हापासून माझा नियम असा की आधी काडतूस बघायचं, मग त्याला बसणारं हत्यार.

गोव्यात जुन्या घरांत कधी कधी पोर्तुगीज काळातली पिस्तुलं निघतात. पोर्तुगीज लष्कराने पहिल्या महायुद्धाच्या सुमारास सॅव्हेज कंपनीचं ७.६५ मिलिमीटरचं पिस्तूल वापरात आणलं होतं, म्हणजे हे बोअर आपल्या मातीला नवं नाही. अशी वस्तू माळ्यावर सापडली तर आधी पोलीस ठाण्यात कळवा. ती घेऊन दुकानात मिरवत गेलात तर परवान्याआधी गुन्हा नोंदला जाईल.

पिस्तूल की रिव्हॉल्व्हर

आता ज्यासाठी तुम्ही वाचत आलात ते. माझं उत्तर एका ओळीत: पहिलंच हत्यार असेल आणि महिन्यातून एकदा तरी सराव होणार नसेल, तर .३२ चा रिव्हॉल्व्हर घ्या.

कारण हाताशी संबंधित आहे. लहान हत्यार चालवायला सोपं, असा आपला समज असतो. छोटी स्कूटर चालवायला सोपी असते ना, तसं. इथे गणित उलट चालतं. हत्यार हलकं तितका धक्का हाताला जास्त. नळी आखूड तितकं पुढच्या आणि मागच्या माशीतलं, म्हणजे नेम धरायच्या खुणांतलं, अंतर कमी, म्हणजे केसाएवढी चूक दहा पावलांवर वितभर होते. मूठ इतकी लहान की दोनच बोटं बसतात, करंगळी हवेत. आणि लहान पिस्तुलात स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, मागे ढकलण्याचं काम गोळीचा उलटा धक्काच करतो, त्यामुळे तिला आवरायला आत कडक स्प्रिंग असते. ती स्लाइड ओढताना साठीतल्या माणसाच्या बोटांतून कळ येते. घरातल्या बाईमाणसाच्या नावे परवाना असेल तर तिनेच दुकानात येऊन ती स्लाइड स्वतः ओढून बघावी, नवऱ्याने तिच्या वतीने नव्हे.

पिस्तुलाचा खरा धोका मात्र दुसराच आहे. मॅगझिन, म्हणजे मुठीतली काडतुसांची डबी, काढलं की हत्यार रिकामं झालं असं वाटतं, आणि चेंबरमध्ये, नळीच्या बुडाशी, एक काडतूस तसंच बसलेलं असतं. ‘रिकामं होतं हो’ म्हणत झालेले अपघात बहुतेक इथलेच. रिव्हॉल्व्हर उघडला की सिलिंडरची, म्हणजे काडतुसं बसतात त्या फिरत्या नळकांड्याची, सहाही घरं डोळ्यासमोर. आत काही आहे की नाही हे लहान मूलही सांगेल. काडतूस पेटलं नाही तर पिस्तुलात ते हाताने बाहेर काढावं लागतं, रिव्हॉल्व्हरमध्ये पुन्हा चाप ओढला की पुढचं घर समोर येतं.

पिस्तुलाच्या बाजूनेही बोललं पाहिजे. ते चपटं असतं, कमरेला कमी दिसतं, आणि नियमित सराव असेल तर त्याचा चाप हलका असल्याने नेम चांगला बसतो. रिव्हॉल्व्हरचं सिलिंडर फुगीर, शर्टाखाली उंचवटा करतं, आणि मागचा घोडा, म्हणजे काडतुसावर आपटणारा खटका, मागे न ओढता नुसता चाप दाबायचा तर बोटात चांगलाच जोर लागतो. तो जोर मला उलट आवडतो, चुकून दाबला जात नाही.

परदेशी हत्यारांची आयात सामान्य परवानाधारकासाठी १९८० च्या दशकापासून बंद आहे. त्यामुळे जुन्या वेब्ली, वॉल्थर, बेरेटांच्या किमती वस्तूपेक्षा नावाच्या असतात. स्वस्तात हवं असेल तर देशी बघावं लागतं, आणि तिथे सध्या नावं मोजकीच आहेत. कानपूरचा ‘निर्भीक’ २०१४ मध्ये आला, टायटॅनियमच्या मिश्रधातूचा, सुमारे ५०० ग्रॅम, .३२, महिलांच्या पर्समध्ये राहावा या कल्पनेने बनवलेला, आणि तेव्हाच किंमत १,२२,३६० रुपये. पर्समध्ये छान, हातात उसळतो. ईशापूरचा ‘निडर’ .२२ चा, जेमतेम २५० ग्रॅम, किमतीला बराच खाली. खिशाला दोन्ही अर्थांनी हलका हाच, पण .२२ चा दोष वर सांगितला आहे. २०२३ मध्ये आलेला ‘प्रबल’ ७०० ग्रॅमचा, ७६ मिलिमीटर नळीचा, आणि त्याचं सिलिंडर बाजूला उघडतं. जुन्या देशी रिव्हॉल्व्हरमध्ये मधून मोडून उघडण्याची पद्धत होती, तिच्यापेक्षा हे बरं. पिस्तूलच हवं असणाऱ्यांसाठी कोलकात्याचं .३२ चं ‘अशनि’ आहे.

मला निवड करायला सांगाल तर मी वजन बघून घाबरत नाही. ७०० ग्रॅम कमरेला जाणवतात खरे, पण तेच ७०० ग्रॅम गोळी सुटताना तुमच्या मनगटाला सांभाळतात.

पैशाचा हिशोब

किमतीची पाटी वाचून निघू नका. २२ सप्टेंबर २०२५ पासून पिस्तूल-रिव्हॉल्व्हरवर जीएसटी २८ टक्क्यांवरून ४० टक्के झाला. मांडवीत नांगरलेल्या श्रीमंतांच्या यॉटवर जो दर, तोच तुमच्या रिव्हॉल्व्हरवर. मूळ किंमत एक लाख धरली तर बिल एक लाख चाळीस हजारांचं. त्यावर काडतुसं, होल्स्टर, भिंतीला बोल्टने बसणारी लहान तिजोरी, प्रशिक्षण, डॉक्टर, दर पाच वर्षांनी नूतनीकरण. आणि गोव्यात आवडीचं मॉडेल नसेल तर बाहेरच्या विक्रेत्याकडे खेपा, त्यासाठी परवान्याची हद्द आणि वाहतुकीची परवानगी आधी तपासायची.

म्हणून वापरलेलं घ्यावं का? घ्यावं, परवानाधारकाकडून, रीतसर. खाजगी विक्रीआधी विकणाऱ्याने जिल्हा दंडाधिकारी किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवून ४५ दिवस थांबावं लागतं. ‘कागद मागाहून करू’ म्हणणाऱ्याकडचा चहाही पिऊ नका.

दुकानात हातात आल्यावर

पहिली गोष्ट, दुकानदाराने ते तुमच्यासमोर उघडून रिकामं दाखवलं का? नाही दाखवलं तर दुसरं दुकान. तुम्हीही हातात आल्यावर पुन्हा बघा, त्याने आत्ताच दाखवलं असलं तरी. आपल्याकडे याचा लोकांना अपमान वाटतो, वाटू दे. नळी कधीच कुणाकडे नको, काउंटरवरच्या पोराकडेही नको, आणि बोट चापाबाहेर.

रिव्हॉल्व्हर असेल तर घोडा अंगठ्याने सावकाश मागे ओढत सहाही घरं फिरवा. प्रत्येक घर नळीच्या रेषेत येऊन ‘टक्’ करून अडकलं पाहिजे. एखादं घर जरा आधी किंवा नंतर थांबत असेल तर गोळी नळीच्या तोंडाला घासत जाईल आणि शिशाचे कण बाजूला उडतील. अडकल्यावर सिलिंडर बोटांनी हलवा, किंचित हालचाल चालते, खुळखुळा नको. मोडून उघडणारा असेल तर बंद करून नळी आणि मूठ एकमेकांविरुद्ध पिळून बघा, बिजागरीत फट पडली असेल तर तिथे कळते. घोडा मागे असताना त्याला अंगठ्याने मागून पुढे जरा दाबा. तो पडला तर ते हत्यार परत करा, किंमत कितीही कमी असो.

पिस्तुलात मॅगझिनचे ओठ बघा. पत्र्याच्या त्या दोन कडा वाकलेल्या असतील तर काडतूस तिरकं चढतं आणि अडकतं, आणि जुन्या पिस्तुलाचं दुसरं मॅगझिन मिळणं म्हणजे वाळवंटात विहीर शोधणं. सेफ्टी लावून चाप दाबा, काही होता कामा नये. काडतूस ओढून काढणारी नखी झिजलेली नाही ना, ते भिंगाने बघा.

नळीतून बघण्यासाठी मागच्या बाजूला पांढऱ्या कागदाचा तुकडा धरा. आतली वळणं स्वच्छ, चकचकीत दिसली पाहिजेत. मधेच काळं कडं दिसलं तर तिथे नळी फुगलेली आहे. बारीक खड्डे दिसले तर ते हत्यार किनारपट्टीवर पावसाळे काढून आलेलं आहे, दुकानदार काहीही सांगो.

शेवटी क्रमांक. हत्यारावरचा, बिलावरचा आणि परवान्यात नोंदला जाणारा एकच असला पाहिजे. ८ चा ३ झालेला मी बघितला आहे. तो दुरुस्त करायला मालकाला तीन कचेऱ्या लागल्या.

गोव्याचा पावसाळा

जूनपासून चार महिने इथे लोखंडाला जे होतं ते गोव्याबाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही. खिळ्यांना गंज, कुलपांना गंज, आणि सासष्टी-बारदेशच्या किनाऱ्यावर त्यात खाऱ्या वाऱ्याची भर. छोट्या हत्याराचं आणखी एक दुखणं: ते अंगालगत राहतं, म्हणून घाम थेट त्याच्यावर.

चामड्याच्या होल्स्टरमध्ये हत्यार कधीही साठवून ठेवू नका. चामडं ओल धरतं. काडतुसंही चामड्याच्या पट्ट्यात नकोत. पितळेच्या भांड्यात ताक कळकतं, तसा काडतुसांवर हिरवा थर चढतो आणि ती घरात अडकायला लागतात. मऊ सुती कापडाने पुसून, बंदुकीच्या तेलाचा अगदी पातळ हात द्यायचा, तिजोरीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवायच्या आणि त्या महिन्याला बदलायच्या. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा, एरवी महिन्यातून एकदा. खोबरेल लावू नका. आमचे काका ठासणीच्या बंदुकीला खोबरेलच लावत, पण तिच्यात बारीक स्प्रिंगा नव्हत्या. खोबरेल आत जाऊन चिकट होतं. तेल जास्तही नको, ते काडतुसाच्या बुडातून आत शिरलं तर ऐन वेळी ते मुकं राहतं.

हत्यार आणि काडतुसं वेगवेगळ्या कुलपात, आणि किल्ली देव्हाऱ्यामागे नको. तिथे सगळ्यांच्याच असतात, आणि घरातल्या मुलांना ते पहिलीपासून माहीत असतं.

बाहेर नेताना

परवान्यावर बाळगण्याची हद्द लिहिलेली असते, फक्त गोवा की संपूर्ण भारत. पत्रादेवीचा नाका ओलांडून बांद्याला जाण्याआधी ती वाचा. सार्वजनिक जागी हत्यार होल्स्टरमध्ये, पूर्ण झाकलेलं आणि तुमच्या ताब्यात असलं पाहिजे. हॉटेलच्या टेबलावर ठेवून गप्पा मारणं हा परवाना घालवण्याचा सर्वांत सोपा मार्ग. खिशात ठेवायचं तर खिशाचं वेगळं होल्स्टर घ्या आणि त्या खिशात दुसरं काहीही नको, किल्लीही नको, सुटे पैसेही नको. चापात किल्ली अडकायला वेळ लागत नाही. जुन्या घडणीचा रिव्हॉल्व्हर असेल तर घोड्यासमोरचं घर रिकामं ठेवून पाचच काडतुसं भरायची जुनी चाल आहे. स्कूटरवरून पडलात तर तिचं मोल कळेल.

फातर्प्याची जत्रा, शिरगावची लईराई, शिगमो, कुणाचं लग्न: तिथे घरी ठेवून जा. गर्दीत कमरेला कुणाचा हात लागेल सांगता येत नाही. लग्नात-मिरवणुकीत हवेत गोळी झाडणं हा २०१९ पासून स्वतंत्र गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि एक पेग घेतला असेल तर हत्यार तिजोरीत, फेणी असो की बिअर. यावर माझ्याशी वाद घालणाऱ्यांना मी पुढचं काही सांगत नाही.

दाबोळी किंवा मोपावरून विमानाने जाताना ते केबिनमध्ये जात नाही. काउंटरवर जाहीर करून, रिकामं करून, सामानात द्यावं लागतं. विमान कंपनीला आदल्या दिवशी फोन करा आणि विमानतळावर तासभर लवकर पोचा.

मग निवडणुका. विधानसभा, लोकसभा, जिल्हा पंचायत, काही ना काही चालूच असतं. आदेश निघाला की हत्यार पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचं. ज्यांना खरोखर गरज आहे त्यांनी सूट मागणारा अर्ज आदेश आल्या आल्या करावा, शेवटच्या दिवशी नव्हे. जमा करताना क्रमांक, हत्याराची अवस्था आणि काडतुसांची संख्या पावतीवर लिहून घ्या आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवा. जमा करण्याआधी नेहमीपेक्षा थोडं जास्त तेल द्या, कारण महिना-दोन महिने ते कुठल्या कपाटात पडेल ते तुमच्या हातात नसतं. परत मिळाल्यावर ठाण्याबाहेर पडण्याआधी क्रमांक जुळवून बघा आणि घरी आल्यावर पहिल्यांदा नळीत कागद धरा.